अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची मूळ हस्तलिखितं भारतात बसून पाहता येतात का?

येतात, आणि फुकट. २०१३ पासून 'एमिली डिकिन्सन अर्काइव्ह' या संकेतस्थळावर हार्वर्ड, ॲमहर्स्ट कॉलेज, बॉस्टन पब्लिक लायब्ररी अशा ठिकाणची पानं शेजारी शेजारी दिसतात. प्रत्यक्षात ती विखुरलेलीच आहेत, आणि त्यामागे चक्क भाऊबंदकी आहे.

१८८६ मध्ये एमिली गेल्यावर बहीण लव्हिनियाला तिच्या हाताने बांधलेल्या कवितांच्या चाळीसेक वह्या सापडल्या. दुमडलेले कागद एकावर एक, कडेला दोन भोकं, त्यातून दोरा. संपादनासाठी त्या भावाच्या प्रेयसीकडे, मेबल लूमिस टॉडकडे गेल्या, तेव्हा दोरे सुटले. पुढे जमिनीच्या तुकड्यावरून लव्हिनिया टॉडबाईंविरुद्ध कोर्टात गेली, जिंकली. टॉडबाईंनी आपल्याकडची पानं पेटीत बंद केली. ती १९५६ मध्ये ॲमहर्स्टला मिळाली. घरच्यांकडची आधीच, १९५० मध्ये, हार्वर्डला गेली होती. सुटलेली पानं अभ्यासक फ्रँकलिनने भोकं, डाग आणि कागदाच्या घड्या जुळवून परत लावली, ते १९८१ मध्ये छापून आलं. संपादन म्हणतात ते याला.

शोधताना पहिली ओळ टाका, शीर्षकं तिची नाहीत. प्रत्येक कवितेला क्रमांक दोन असतात, संपादक जॉन्सनच्या आवृत्तीतला (१९५५) आणि फ्रँकलिनच्या आवृत्तीतला (१९९८). 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ' जॉन्सनकडे ७१२, फ्रँकलिनकडे ४७९. नुसता क्रमांक टाकलात तर भलतीच कविता समोर येते. 'अपॉन' हा शब्द ती 'यू'ऐवजी 'ओ'ने सुरू करते, तेही ध्यानात ठेवा. शब्दाजवळ अधिकचं बारीक चिन्ह दिसलं तर पानाच्या तळाशी जा: तिथे तिने पर्यायी शब्द लिहिलेले असतात आणि बहुतेकदा एकही खोडलेला नसतो.

म्हणून टॉडबाई आणि हिगिन्सन यांनी संपादित केलेल्या १८९०च्या पहिल्या पुस्तकावरून अनुवाद करणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यात 'बिकॉज आय कुड नॉट'ला 'द चॅरियट' असं नाव चिकटवलंय आणि चौथं कडवं गाळलंय. तिचे डॅश काढून स्वल्पविराम घातले की 'ओघ येतो' म्हणे. ओघ हवाच होता कोणाला? ती जिथे अडते तिथे वाचणाऱ्यानेही अडायला हवं.

हो, पत्रांचं राहिलंच. या अर्काइव्हचा भर कवितांवर आहे; पत्रांसाठी ॲमहर्स्ट कॉलेजचा स्वतःचा डिजिटल संग्रह बघा. त्याच हिगिन्सनला लिहिलेली बरीच पत्रं बॉस्टन पब्लिक लायब्ररीत आहेत. एमिलीला आलेली पत्रं मात्र फारशी मिळायची नाहीत, ती लव्हिनियाने जाळली. आणि वह्यांना दिलेली सालं अभ्यासकांनी अक्षराच्या वळणावरून व कागदावरून लावलेली आहेत, प्रबंधात ठोक तारीख म्हणून देऊ नका.