महामंडळावर संचालक झालास, आता हे बघ

अभिनंदन! पण पेढे वाटण्याआधी कंपनी कायदा २०१३ चं कलम १४९(१२) वाच. तुझं महामंडळ सरकारी असलं तरी कंपनीच आहे. तुझ्यासारख्या स्वतंत्र संचालकाला, म्हणजे कंपनीत मालकी किंवा नोकरी नसलेल्या संचालकाला, जबाबदार धरतात ते संचालक मंडळाच्या कामकाजातून त्याला कळलेल्या आणि त्याच्या संमतीने झालेल्या गोष्टींसाठी. किंवा तो गाफील राहिला म्हणून. गाफील हा शब्द अधोरेखित कर.

मी एका निविदेला तोंडी विरोध केला आणि निवांत चहा प्यायलो. इतिवृत्तात काय? ‘सर्वानुमते मंजूर’! पुढे लेखापरीक्षणात खुलासा देताना घाम फुटला. तेव्हा विरोध नावानिशी नोंदवून घे. इतिवृत्ताचा मसुदा आला की सात दिवसांत दुरुस्ती लेखी कळव.

संचालक दायित्व विमा, म्हणजे संचालकावर दावा झाला तर खर्च उचलणारा विमा, आहे का, तेही कंपनी सेक्रेटरीला विचार. लबाडीला मात्र तो सहसा लागू नसतो.