टचस्क्रीन असूनही सरकता कीबोर्ड कशासाठी? जुना नोकिया एन९०० घ्यावा का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: पडद्यावर बोटाने लिहिता येत असताना फोनला आतून सरकून बाहेर येणारा कीबोर्ड कशासाठी देत असत, आणि आपल्याला मिळत असलेला जुना नोकिया एन९०० विकत घ्यावा का. मी हा फोन तीनेक वर्षे रोज वापरला आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

२००९ साली आलेल्या या फोनचा पडदा ३.५ इंचांचा आणि ८०० बाय ४८० पिक्सेलचा आहे. एवढ्याशा पडद्यावर, तोही आडवा धरलेला असताना, कीबोर्ड उमटवला की निम्म्याहून अधिक जागा तोच खातो आणि ज्या पत्राला आपण उत्तर लिहीत असतो ते पत्रच दिसेनासे होते. सरकत्या कीबोर्डाने पडदा पूर्ण मोकळा राहतो; माझ्या मते त्याचा खरा लाभ टंकनाच्या वेगापेक्षा यातच होता. अंगठ्याने वरचा भाग पुढे ढकलला की तो अर्ध्या वाटेपासून आपला आपणच सरकून टक्कन बसत असे आणि त्याच वेळी फोनचे कुलूपही उघडत असे. मुख्य पडद्यावर असताना नुसते एखादे नाव टंकायला लागले, की संपर्कयादीतला शोध सुरू होई.

कीबोर्ड अवघ्या तीन ओळींचा आहे. अंकांची वेगळी ओळ नाही. वरच्या ओळीतल्या अक्षरांवरच निळ्या बाणाची कळ दाबून अंक उमटवावे लागतात. स्पेसबार मध्यभागी नसून उजवीकडे सरकवलेला आहे, त्यामुळे पहिला आठवडाभर माझा डावा अंगठा नसलेला स्पेसबार शोधत राही आणि शब्द एकमेकांना चिकटत. एकदा सवय झाली, की अंधारात न पाहताही लिहिता येई. कळांमागे दिवा आहे, पण मला त्याची गरज फारशी पडली नाही.

मात्र या कीबोर्डाची खरी संगत आतल्या प्रणालीशी होती. माएमो ५ ही डेबियन लिनक्स या संगणकावरच्या मुक्त प्रणालीवर आधारलेली असून तिच्यात टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याची खिडकी, आधीपासूनच दिलेले होते; कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की ते उघडत असे. रात्रीच्या एसटीत बसून मी कार्यालयातल्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने, शिरलो आहे आणि बाणांच्या कळांनी फाइलीत हिंडून चुका दुरुस्त केल्या आहेत. कंट्रोलची कळ नसती तर हे काम काचेवर बोटे आपटून करण्याची माझी तयारी नव्हती. एस्केप आणि टॅब यांना मात्र कीबोर्डावर जागा मिळाली नाही. त्या टर्मिनलच्या खालच्या पट्टीवर बोटाने दाबाव्या लागत, आणि व्हीआय हा टर्मिनलमधला मजकूर-संपादक वापरणाऱ्याला ही उणीव बरीच जाचते.

पडदा दाब ओळखणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह, असल्यामुळे नखाने किंवा कडेला खोचलेल्या लेखणीने बारीक दुव्यावरही अचूक टिचकी मारता येते, परंतु दोन बोटांनी चित्र मोठे करता येत नाही. त्यासाठी ब्राउझरमध्ये बोटाने गोल गोल फिरवावे लागे. पाहणाऱ्यांना ते जादूटोण्यासारखे वाटे.

या सगळ्याची किंमत म्हणजे १८१ ग्रॅम वजन आणि सुमारे १८ मिलिमीटर जाडी. सदऱ्याच्या खिशात ठेवला की खिसा लोंबायचाच.

आता विकत घेण्याविषयी. रोजच्या वापरासाठी घेऊ नये. यात ४जी नाही, त्यामुळे जिओचे सिम चालणार नाही; एअरटेलनेही ३जी बंद केलेले आहे. शिवाय आजची बहुतेक सुरक्षित संकेतस्थळे त्याच्या मूळ ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. संग्रहासाठी किंवा लिनक्सचे प्रयोग करण्यासाठी घेत असाल, तर पैसे देण्यापूर्वी चार्जर लावून तार हलकेच हलवून पाहा. या फोनच्या चार्जिंग पोर्टचे सोल्डर (डाख) सुटण्याची तक्रार जुनी आहे, आणि पोर्ट डुगडुगत असेल तर तो फोन सोडून द्यावा. त्यानंतर वरचा भाग दहा-बारा वेळा उघडून मिटावा: दोन्ही भागांना जोडणारी चपटी केबल झिजली असेल, तर पडदा त्या हालचालीतच लुकलुकतो. बॅटरीची चिंता करू नका. बीएल-५जे बॅटरी काढता-घालता येते.