हसरा चेहरा करायची घाई नको

सलाम भावा, ख्रिस्ती विश्वासात नवीन आहेस म्हणून आनंदाबद्दल आत्ता थोडक्यात सांगतो, आत्म्याच्या फळांचा (पवित्र आत्मा आपल्यात वाढवतो ते गुण, आनंद त्यातलाच एक) खोल अभ्यास नंतर.

पहिली चूक बहुतेक सगळे करतात, चर्चमधे जबरदस्ती हसत राहायचं. गरज नाही रे. मेलेला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला (योहान ११:३५), तू पण रड, त्याने आनंद पळून जात नाही.

मग बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १६वा अध्याय नीट वाच. फिलिप्पै शहरात येशूचा संदेश सांगणाऱ्या पौल आणि सीलाला फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय लाकडी खोड्यात अडकवले आणि ते मध्यरात्री गातायत, बाकीचे कैदी ऐकतायत! पण मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं, भूकंपाने दारं उघडल्यावर जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याला पौल ओरडून थांबवतो. आतला आनंद असा दिसतो, कोंडणाऱ्याचीही काळजी वाटते.

हात मोकळा ठेव. परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ, हे वाक्य ज्या नहेम्या ८:१० मधे आहे तिथेच ज्यांच्याकडे काही नाही त्यांना जेवणाचे वाटे पाठवा असंही सांगितलंय, हे बरेच जण विसरतात. शेजारी एक डबा दे, सुरुवातीला तेवढं बास.

आणि आज आनंद वाटला का हे रोज तपासत बसू नको. फिलिप्पैकरांस पत्र या आठवड्यात एका बैठकीत वाच, चारच अध्याय आहेत, पौलाने बेड्यांत असताना लिहिलंय.