'मोबाईल खेळतो' म्हणू नका, पण गेमला खेळ जरूर म्हणा

देवरुखच्या एका वाचकाने विचारलंय की मोबाईलवरच्या गेमला खेळ म्हणावं का, की खेळ म्हटला म्हणजे मैदान आणि घाम हवाच. आधी एक सांगतो, 'पोरगा दिवसभर मोबाईल खेळतो' हे सारखं कानावर येतं ते चूक आहे. मोबाईलवर खेळतो. आपण बॅट खेळतो म्हणतो का?

करमणूक, स्पर्धा, नाटकाचा प्रयोग हे अर्थ सगळ्यांना माहितीयत, ते सोडा. खरी गंमत मुळात आहे. बरेच जाणकार छातीठोकपणे सांगतात की खेळ हा क्रीडेचा अपभ्रंश. मला अजिबात पटत नाही, संस्कृतात 'खेल्' हा स्वतंत्र धातू असताना क्रीडेला ओढून आणायचं कशाला? त्याचा अर्थ हलणं, डोलणं, मागेपुढे झुलणं. आता आपली मराठी बघा, खेळती हवा, खेळतं भांडवल, पोफळीच्या बागेत पाटाने खेळवलेलं पाणी, शिमग्यात खांद्यावर खेळवतात ती पालखी, यात कोण जिंकतंय? सगळी नुसती ये-जा आहे. आणि रत्नागिरीकडचे खेळे, म्हणजे नमन या लोककलेतले कलाकार, ते तर घरोघरी फिरून खेळतात, तिथे हारजीत नाहीच.

म्हणून माझं ठाम म्हणणं, इकडून दिलं की तिकडून काहीतरी परत येतं तो खेळ. मोबाईलवरच्या गेमची ओढ लागते तीही याचमुळे, बोट लावलं की स्क्रीन लगेच उत्तर देते, हरलात तर पुन्हा सुरू करा, कुणी ओरडत नाही, आणि जमायला लागलं की पुढची लेव्हल थोडी अवघड. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोवने टेट्रिस केला, त्यात गोष्ट नाही, बक्षीस नाही, नुसते ठोकळे पडतात, वळवायचे आणि बसवायचे, ओळ भरली की गायब. तरी माणसं तासन्तास चिकटून बसतात!

गेमची व्याख्याच हवी असेल तर बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाची १९७८ची घ्या, गरज नसलेली अडचण आपणहून पत्करून ती पार करणं. लगोरी आठवा, रचलेल्या चिपा हाताने सहज पाडता येतात, तरी आपण लांबून चेंडू मारतो. व्याख्या चांगलीच आहे, पण आपले खेळे तिच्यात मावत नाहीत. त्यामुळे प्रत्येक गेम खेळ आहे, प्रत्येक खेळ गेम नाही. घामाची अट घालणाऱ्यांनी बुद्धिबळाचं काय करायचं ते सांगावं.