पार्सल पाठवताना: वजन आणि विमा

ताई, सांगलीची हळद ऑनलाइन विकायला घेतलीत, छान केलंत. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

वजन पार्सल बांधून झाल्यावर करा. शिवाय बहुतेक कुरिअरवाले खोक्याचा आकारही धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. तिन्ही बाजू ३० सेंमी असतील तर ५.४ किलोचे पैसे, आत हळद अर्धाच किलो असली तरी! नवखे इथंच फसतात. खोकं मालाच्या मापाचंच घ्या.

अर्ध्या किलो हळदीला विमा नको, स्पीड पोस्ट पुरे. मिरजेची सतार असेल तर मात्र विमा हवाच, आणि किंमत खरी लिहा. माझ्या तंबोऱ्याचा भोपळा वाटेत तडकला. किंमत कमी लिहिली होती, भरपाईही तेवढीच मिळाली. पावती आणि बांधतानाचे फोटो जपून ठेवा.