नौकेच्या तळाच्या रंगातील तांबे : पाणी कुठले आणि रंग काढायचा कसा

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: तांबे निसर्गात असतेच, मग तळाला तांब्याचा रंग लावल्याने एवढे काय बिघडते, आणि जुना रंग किनाऱ्यावरच खरवडून काढला तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. पहिल्याचे उत्तर मात्र नौका कुठल्या पाण्यात उभी असते यावर अवलंबून आहे.

हा रंग तांबे सोडत राहण्यासाठीच बनवलेला असतो. त्यातील क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे संयुग हळूहळू विरघळते आणि तळालगत विषारी पाण्याचा पातळ थर टिकून राहतो, म्हणून शेवाळ व बार्नॅकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) तिथे ठाण मांडू शकत नाहीत. हे तांबे तळापाशीच थांबत नाही. खुल्या समुद्रात ते विरळ होते. पण भरती-ओहोटीने पाणी नीट न बदलणाऱ्या, नौकांनी भरलेल्या बंदिस्त धक्क्यात ते साचते, आणि कालवे व शिंपल्यांच्या अळ्यांना त्याचे फार थोडे प्रमाणही बाधते. अमेरिकेतील सॅन डिएगोच्या शेल्टर आयलंड येथील नौकांच्या धक्क्यात नेमके हेच घडले. तिथल्या पाण्यातील विरघळलेल्या तांब्याचा मुख्य स्रोत नौकांचे तळच ठरले आणि 2005 मध्ये तांब्याचा भार 76 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठरवावे लागले.

याआधीचा धडा ट्रायब्युटाइल टिनचा. तळाच्या रंगात वापरले जाणारे हे कथिलयुक्त रसायन इतके गुणकारी होते की त्याचे दुष्परिणाम कालवांनी दाखवून देईपर्यंत कोणी फारसे विचारले नाही. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांच्या अळ्या जगेनाशा झाल्या, वाढलेल्यांची कवचे जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली, आणि 1982 मध्ये 25 मीटरपेक्षा लहान नौकांवर त्याच्या वापरास बंदी आली. पुढे असे दिसले की लिटरला काही नॅनोग्रॅम एवढ्या अंशानेही काही सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात. जहाजांवरील अशा रंगांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये संमत झाला, पण अमलात यायला 2008 उजाडले. तांब्याच्या जोडीला शैवालनाशक म्हणून वापरले जाणारे सायब्युट्रिनही 2023 पासून त्याच कराराखाली बंद झाले. म्हणून डब्यावरच्या 'पर्यावरणस्नेही' या शब्दावर मी तरी विसंबत नाही.

आता खरवडण्याविषयी. जुन्या नौकेवर रंगाचे अनेक थर असतात आणि तळाशी कथिलयुक्त रंगही असू शकतो. त्याच्या कपच्या गाळात रुतल्या की विष वर्षानुवर्षे झिरपत राहते, कारण प्राणवायू नसलेल्या गाळात ते फार सावकाश विघटित होते. नौका पाण्याबाहेर काढावी, खाली ताडपत्री पसरावी, धूळ ओढून घेणारे सँडिंग यंत्र आणि योग्य मास्क वापरावा, आणि जमलेला चुरा घातक कचरा म्हणूनच द्यावा. पूर्वी मी स्वतः पाण्यातच ताठ ब्रशने तळ घासत असे आणि भोवती पसरणारा लालसर ढग पाहून काम छान झाल्याचे समाधान मानत असे! मऊ, झिजणाऱ्या रंगावर ब्रश मुळीच फिरवू नये.

तळ उघडा ठेवणे हाही उपाय नव्हे. चिकटलेल्या जीवांमुळे इंधन जास्त जळते आणि परक्या प्रजाती नव्या पाण्यात पोहोचतात. नौका वापरानंतर दरवेळी बाहेर काढत असाल, तर या रंगाची गरजच नाही. ती सतत पाण्यात पण नियमित चालती असेल, तर जीवनाशकविरहित सिलिकॉन लेपाचा विचार करा. मात्र तो वेगाने चालणाऱ्या नौकेवरच नीट काम करतो आणि सहज ओरखडतो. महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या राहणाऱ्या नौकेसाठी मी तांबे नाकारणार नाही, पण कमी तांब्याचा कठीण, सहज न झिजणारा रंग निवडेन आणि थर सुचवलेल्या जाडीपेक्षा अधिक देणार नाही.