सगळे मिळाले, पण बोलायला काही सुचेना

जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांकडून एक चिंता अलीकडे वारंवार ऐकू येते आणि ती सांगताना माणसे थोडी ओशाळतात. "एवढे पैसे खर्चून समुद्रकाठच्या मोठ्या रिसॉर्टवर गेलो, कशाची म्हणून उणीव नव्हती, तरी आम्ही तिथे भांडलो, नाहीतर तासन् तास गप्प बसलो, म्हणजे आमच्या संसारात आता काही उरले नाही, असे समजायचे का?" ओशाळण्याचे कारण उघड आहे. घरात भांडण झाले, तर उन्हाळा, पाहुणे, पैशाची ओढाताण असे काहीतरी कारण सापडते. तिथे ते कारण सापडत नाही, आणि मग माणूस थेट लग्नालाच दोष देऊन मोकळा होतो. याच चिंतेने आलेल्या एका जोडप्याची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे सांगते.

चोपडा तालुक्यातील या गृहस्थांचे कृषी सेवा केंद्र आहे. घरात म्हातारी आई, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची मुले. स्वतःची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला. लग्नाला 20 वर्षे झाली म्हणून मुलीने हट्टच धरला आणि फेब्रुवारीत, रब्बीची गडबड ओसरल्यावर, मालदीवची सहल ठरवून दिली. नवरा-बायको दोघेच असा प्रवास त्यांनी तोवर केला नव्हता. बाईंचे एकट्याने घराबाहेर राहणे म्हणजे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणे, तेवढेच.

मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असते. बाजार नाही, देऊळ नाही, शेजारी नाहीत. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले, तरी माणूस त्याच वाळूवरून फिरून त्याच खोलीपाशी येतो. त्यातच त्यांचे आरक्षण सर्वसमावेशक दराचे होते, म्हणजे खोली, तिन्ही वेळचे जेवण, मधले खाणे आणि मद्यासह सगळी पेये एकाच रकमेत. ही पद्धत रुजवली ती क्लब मेड या फ्रेंच पर्यटन कंपनीने. 1950 मध्ये मायोर्का बेटावरील अल्कुडिया येथे जेरार ब्लिट्झ यांनी तंबू ठोकून पहिले सुटीचे गाव वसवले, आणि एकदा पैसे भरले की सुटी संपेपर्यंत पैशाचा विषय निघू नये, हा त्यामागचा विचार होता. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे झाले. दोघेही दारूला शिवत नाहीत, पण दारूचे पैसे तर भरलेले. त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात वसुलीचा हिशेब सुरू झाला. पोट भरलेले असतानाही दुपारचे खाणे चुकवायचे नाही, रंगीत सरबतांचे पेले मागवत राहायचे, आणि बायको शाकाहारी पदार्थांच्या टेबलापाशी घुटमळली की तिला पुढे ढकलायचे.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी खोलीतल्या किटलीत पाणी उकळले. घरून आणलेली चहापावडर, दूध पावडर आणि किसून डबीत भरलेले आले घालून दोन कप चहा केला आणि समुद्राकडे तोंड केलेल्या ओट्यावर नेऊन ठेवला. नवऱ्याने मोबाईलवरची नजर न उचलता म्हटले, "तिकडे सगळं फुकट असताना हा उद्योग कशाला करत बसलीस?" बाईंनी दोन्ही कप बेसिनमध्ये ओतले. दिवसभर दोघे बोलले नाहीत. रात्री जेवताना त्या एवढेच म्हणाल्या, "बँकॉकला तुमच्या भावाला नेलं होतं, तेव्हा कोण करून देत होतं चहा?" उरलेले दोन दिवस तो मुलीशी फोनवर बोलत होता आणि ती सासूच्या गोळ्यांची वेळ जाऊबाईंना आठवून देत होती.

माझ्यासमोर बसल्यावर नवऱ्याचे म्हणणे होते की चहाच्या कपावरून एवढे रामायण करणारी बाई त्याला समजतच नाही. बायकोचे म्हणणे अधिक गंभीर होते. त्या म्हणाल्या, "ताई, पाच दिवसांत कळलं, आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला काही विषयच नाही."

अशा वेळी सहलीविषयी मी फार विचारत नाही. घरातला साधा दिवस तासातासाने सांगायला लावते. त्यातून जे निघाले, ते दोघांनाही अनपेक्षित होते. दुकान बंद झाल्यावर रात्री नऊच्या पुढे ही दोघे रोज उधारीची वही घेऊन बसतात. तो नाव आणि रक्कम सांगतो, ती लिहिते. पण ती नुसती लिहीत नाही. "त्यांच्या मुलीचं लग्न काढलंय, या महिन्यात तगादा नको," "याने कापूस विकलाय, आता मागा," "हा मागच्या वर्षीही असंच म्हणाला होता," असे ती सांगते आणि तो ते ऐकतो, बरेचदा त्याप्रमाणे वागतोही. गावातली सुखदुःखे, माणसांची पारख, कुणावर किती विश्वास टाकायचा, हे सगळे त्या तासाभरात बोलले जाते. 20 वर्षे रोज एक तास बोलणाऱ्या या जोडप्याला आपल्यात संवादच नाही असे वाटत होते, कारण त्यांच्या लेखी ते दुकानाचे काम होते.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्याकडच्या संसारांचे हे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. नवरा-बायको समोरासमोर बसून स्वतःविषयी क्वचितच बोलतात. ती बोलतात कामाच्या आधाराने आणि तिसऱ्या माणसाच्या निमित्ताने. मला यात कमीपणा वाटत नाही. मात्र सर्वसमावेशक रिसॉर्ट नेमके हेच काढून घेते. तिथे स्वयंपाक नाही, हिशेब नाही, ठरवण्यासारखे काही नाही, आणि ज्याच्याविषयी बोलावे असा तिसरा माणूसही नाही. बेलीचा मांडव एकदम काढून घेतला तर ती जमिनीवर पसरते. तिची मुळे कुजली, असा त्याचा अर्थ होत नाही. बाईंनी पहाटे केलेला चहा हा त्या परक्या जागी दोघांपुरते एक काम उभे करण्याचा प्रयत्न होता, हे नवऱ्याला माझ्या खोलीत बसून, पुष्कळ उशिराने, समजले.

या बाबतीत मानसशास्त्रज्ञ आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला उपयोगी वाटतो. त्यातल्या प्रयोगात काही जोडप्यांचे एका बाजूचे हात-पाय एकमेकांना बांधले आणि हात न वापरता एक उशी दोघांच्या अंगामध्ये धरून, गादीवरून रांगत, ती पलीकडे न्यायला सांगितली. इतरांना साधे, कंटाळवाणे काम दिले. काही मिनिटांच्या या खटाटोपानंतर पहिल्या गटातील जोडप्यांचे नात्याविषयीचे समाधान अधिक वाढलेले आढळले. यात ऐषारामाचा भाग कुठेच नाही. नवे काहीतरी दोघांनी मिळून करणे एवढेच आहे. सुटीकडून अवाजवी अपेक्षा ठेवणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते. पर्यटनाचे संशोधक येरुन नाविन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये नेदरलँड्समधील प्रवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहलीला निघण्यापूर्वी ही माणसे इतरांपेक्षा अधिक आनंदी होती, परंतु परतल्यावर, अतिशय निवांत सुटी झालेले थोडे लोक सोडले, तर त्यांच्यात आणि न गेलेल्यांत फरक दिसला नाही. तेव्हा पाच दिवसांच्या मुक्कामाने संसार दुरुस्त होईल ही आशा जशी फोल, तसाच तेवढ्यावरून संसार मोडीत काढण्याचा निकालही अवाजवी.

पण बँकॉकचे काय? तो मुद्दा मी असा सोडून देऊ शकत नव्हते, कारण खरी जखम तिथे होती. बियाणे आणि कीटकनाशकांच्या कंपन्या चांगली विक्री करणाऱ्या विक्रेत्यांना परदेशी सहली देतात, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. यांना अशा सहली मिळाल्या, त्यांपैकी काही दोघांसाठी होत्या, आणि दर वेळी दुसरे नाव धाकट्या भावाचे लिहिले गेले, कारण "आईकडे कोण पाहील?" बाईंना कधी विचारलेच नव्हते. त्यांनीही कधी बोलून दाखवले नाही. भिंतीवर लावलेल्या दोघा भावांच्या फोटोवरची धूळ मात्र त्याच पुसत. हे ऐकल्यावर नवरा बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याच्या तोंडून अहिराणीच निघाली, "माले काय मालूम, तुले इतलं लागी जाई?" निवांतपणा मिळाल्यावर जुनी दुखणी वर येतात, ती अशी. रिसॉर्टने भांडण लावले नाही. एरवी कामाच्या रगाड्यात ज्याला जागा मिळाली नसती, ते तिथे बोलले गेले, इतकेच.

अशा सहलीला जाणाऱ्यांना मी काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवते. मद्य घेत नसाल, तर फक्त जेवणासहित दर मागावा. वसुलीचे अर्धे ओझे तिथेच उतरते. बोटीचा किंवा सी-प्लेनचा खर्च, मोटरवरचे जलक्रीडाप्रकार आणि मसाज पुष्कळ ठिकाणी 'सर्वसमावेशक' दरात नसतात, ते आधी विचारून घ्यावे, नाहीतर निघतानाचे बिल शेवटचा दिवस नासवते. घरी फोन करण्याची वेळ दोघांनी मिळून ठरवावी, आणि दिवसातला थोडा वेळ प्रत्येकाने एकट्याने काढावा. चोवीस तास एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसण्याची सवय नसलेल्यांना ती एकाएकी लागत नाही. आणि पोहायला येत नसेल, तर कमरेएवढ्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून दोघांनी मिळून मासे पाहायला शिकावे. ऐटीत पडून राहण्यापेक्षा ती फजिती अधिक उपयोगी ठरते.

एक फरक मात्र स्पष्ट करायला हवा. जोडीदार चारचौघांत पाणउतारा करत असेल, पैसे किंवा फोन काढून घेत असेल, हात उगारत असेल, किंवा त्याच्या नुसत्या मूडची धास्ती वाटत असेल, तर ते सुटीतले भांडण नव्हे, आणि तिथे मी समजुतीच्या गोष्टी सांगत नाही. महिलांसाठी 181 हा हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

या जोडप्यात तसे काही नव्हते. बाईंनी दुसरी सहल मागितली नाही. यापुढे दुसरे नाव लिहिण्यापूर्वी मला विचारा, एवढेच मागितले. यंदाच्या विक्रेत्यांच्या सहलीच्या अर्जात त्याने तिला विचारून तिचे नाव लिहिले आहे. सासूबाईंकडे तेवढे दिवस कोण राहणार, हे अजून ठरायचे आहे. त्यासाठी भाऊ आणि भावजयीशी कोणी बोलायचे, यावर आमची गाडी अडली आहे. त्याला वाटते की हा विषय बायकांनी आपसात मिटवावा, आणि माझे म्हणणे आहे की तो त्यानेच काढला पाहिजे.